ढोल वाजला की निवेदकाचा आवाज का फाटतो

नाशिक ढोल म्हणजे एफएमच्या ऑडिओ प्रोसेसरची, म्हणजे प्रसारणाआधी आवाज घडवणाऱ्या यंत्राची, सगळ्यात कडक परीक्षा. जाड पानावर टिपरूचा ठोका पडतो, त्याचं वजन शंभर हर्ट्झच्या आतबाहेर असतं. ताशाच्या काड्यांचा कडकडाट दोन-तीन किलोहर्ट्झपासून वर पसरतो. आणि या दोघांच्या मधल्या जागेत निवेदक बोलत असतो. मिरवणुकीचं थेट वर्णन असो की सणाची जाहिरात, तिन्ही एकाच क्षणी क्लिपरवर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवरचं सगळं कापणाऱ्या टप्प्यावर, आदळतात. मग ऐकू येतो तो ओळखीचा प्रकार: ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला निवेदकाचा शब्द घोगरा होतो, जणू कोणी तोंडात पाणी धरून बोलतंय.

अशा वेळी हात आधी बासच्या बटणाकडे जातो. बास कमी केला की निवेदकाचा आवाज सुधारतो, पण ढोल पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजायला लागतो. पुन्हा वाढवला की आवाज फाटतो. या दोन टोकांमध्ये महिनोन्‌महिने फिरणारी स्टेशनं आहेत. दोष बासच्या प्रमाणात नसतोच. बास आणि आवाज एकमेकांना कुठल्या टप्प्यावर भेटतात, यात तो असतो.

आधी जागेचा हिशेब. एफएममध्ये वाहक लहरीचं डीव्हिएशन (मूळ वारंवारतेपासून तिचं सरकणं) ±७५ किलोहर्ट्झच्या पुढे जाता कामा नये. हे झालं १०० टक्के. त्यातले ९ टक्के, म्हणजे पावणेसात किलोहर्ट्झ, १९ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ पायलटला (रेडिओला स्टिरिओ ओळखू देणाऱ्या टोनला) जातात. आरडीएस (रेडिओवर स्टेशनचं नाव दाखवणारा डेटा) लावला असेल तर त्याला ४ टक्के धरा. ऑडिओसाठी उरतात ८७ टक्के, म्हणजे साधारण ६५ किलोहर्ट्झ. ढोल, ताशा, आवाज, पार्श्वसंगीत या सगळ्यांनी एवढ्यातच बसायचं आहे.

शेवटचा क्लिपर या मर्यादेवर उभा असतो आणि वर डोकावेल ते सपाट कापतो. आता समजा, बासने मर्यादेच्या ३ डेसिबल खालपर्यंत मजल मारली. आकड्यांत ही ७१ टक्के जागा झाली. ठोक्याच्या शिखरावर आवाजाला उरले २९ टक्के, म्हणजे मर्यादेच्या १०.७ डेसिबल खाली. बास ४ डेसिबल खाली थांबवला तर आवाजाला ३७ टक्के मिळतात, म्हणजे उणे ८.७. सहा डेसिबलवर थांबवला तर निम्मी-निम्मी वाटणी. बासमध्ये एका डेसिबलचा फरक, पण आवाजाच्या वाट्याला दोन डेसिबल येतात. हे गणित एकदा पक्कं डोक्यात बसलं की पुढची सगळी जुळवणी सोपी होते.

जागा न मिळालेल्या आवाजाचं होतं काय? ८० हर्ट्झचा ठोका आणि त्यावर बसलेला १००० हर्ट्झचा स्वर घ्या. ठोक्याच्या वरच्या शिखरावर स्वर वरून कापला जातो, खालच्या शिखरावर खालून. म्हणजे सेकंदाला १६० वेळा तो दाबला जातो आणि सुटतो. त्यातून ८४० आणि ११६० हर्ट्झवर असे सूर तयार होतात, जे मूळ ध्वनीत कुठेच नव्हते आणि ज्यांचा मूळ स्वराशी सुरेल संबंधही नाही. इंटरमॉड्युलेशन म्हणतात ते हेच. कान हार्मोनिक (मूळ सुराच्या पूर्ण पटीतले सूर) बरंच चालवून घेतो, कारण वाद्यांतही ते असतातच. इंटरमॉड्युलेशन मात्र तो अजिबात माफ करत नाही.

म्हणून बास क्लिपर. आवाजाशी गाठ पडण्याआधी, बासच्या पट्ट्यात फक्त बासच असताना त्याला कापायचं. तिथे कापला तर फक्त बासचेच हार्मोनिक तयार होतात: ६० हर्ट्झचे १८०, ३००, ४२०. सममित क्लिपिंगमध्ये विषमच येतात. पूर्ण चौकोनी लहर झाली तर तिसरा मूळच्या एक तृतीयांश आणि पाचवा एक पंचमांश. आणखी एक फायदा आहे. चौकोनी लहरीतला मूळ सूर तिच्या सपाट माथ्यापेक्षा १.२७ पट मोठा असतो, म्हणजे २.१ डेसिबल. जागा तेवढीच घेऊन बास जास्त वाजतो. शिवाय मोबाईलच्या किंवा छोट्या ट्रान्झिस्टरच्या स्पीकरमधून ६० हर्ट्झ बाहेर पडतच नाहीत. पण हे वरचे हार्मोनिक पडतात आणि कान त्यांवरून ठोक्याचा अंदाज बांधतो.

अर्थात बास क्लिपरनंतरही थोडं गाळावं लागतं, नाहीतर हार्मोनिक आवाजाच्या पट्ट्यात घुसून ढोल भरड वाजतो. ऑरबन कंपनीच्या ऑप्टिमोड प्रोसेसरमध्ये बास क्लिपर बहुपट्टी क्रॉसओव्हरच्या (आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागणाऱ्या फिल्टरांच्या) आतच बसवलेला असतो, त्यामुळे क्रॉसओव्हरचे फिल्टर हे काम आपोआप करतात. पण गाळणीची किंमत मोजावी लागते: हार्मोनिक काढून टाकले की कापलेलं शिखर पुन्हा वर येतं, पूर्ण गाळले तर दोन डेसिबलपर्यंत. सॉफ्टवेअर प्रोसेसरमध्ये बास क्लिपरनंतरचा फिल्टर कडक ठेवणार असाल तर थ्रेशोल्ड (कापणं सुरू होण्याची पातळी) त्या हिशेबाने एक-दीड डेसिबल आणखी खाली घ्या.

आता प्रत्यक्ष काम. प्रोसेसरला हात लावण्याआधी मिक्सरपाशी जा. मिरवणुकीत निवेदकाच्या माईकमध्ये ढोल शिरतोच, आणि तिथे शिरलेला ढोल पुढे कोणताही प्रोसेसर वेगळा काढू शकत नाही. माईकच्या चॅनेलला १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं अडवणारा फिल्टर) लावा, माईक तोंडाजवळ ठेवा आणि ढोलासाठी वेगळा माईक द्या. अर्धा आजार इथेच बरा होतो. फाईलमधून वाजणारं गाणं वेव्ह किंवा फ्लॅक असावं. कमी बिटरेटची एमपीथ्री प्रोसेसरमधून गेली की ताशाचा झणझणीतपणा पाण्यासारखा सळसळतो, आणि लोक त्याचा दोष क्लिपरला देतात.

मग कॅलिब्रेशन. १०० टक्के म्हणजे नेमके किती हे ठाऊक नसताना क्लिपर जुळवणं म्हणजे वजनमाप नसलेल्या तराजूवर किराणा तोलणं. मॉड्युलेशन मॉनिटर असेल तर उत्तमच. कम्युनिटी रेडिओकडे तो बहुधा नसतो, पण बेसेल नलची (ठरावीक डीव्हिएशनला वाहक लहर नाहीशी होते, त्यावरून मोजण्याची) जुनी पद्धत एका स्वस्त आरटीएल-एसडीआर डोंगलवर (संगणकाला जोडायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालते. ट्रान्समीटर डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या भारावर) घ्या. पायलट आणि आरडीएस बंद करा. एक्सायटरच्या (ट्रान्समीटरमधल्या वाहक लहर तयार करणाऱ्या भागाच्या) एमपीएक्स इनपुटला (ऑडिओ, पायलट आणि आरडीएस यांचा एकत्र सिग्नल जातो तिथे) १३,५८७ हर्ट्झचा साधा साईन टोन द्या आणि पातळी शून्यापासून हळूहळू वाढवा. पडद्यावर मधली वाहक रेघ बुडताना दिसेल. ती पहिल्यांदा नाहीशी होते तेव्हा डीव्हिएशन ३२.७ किलोहर्ट्झ असतं; तिथे थांबू नका. दुसऱ्यांदा नाहीशी होते तेव्हा नेमकं ७५. तीच पातळी तुमचे १०० टक्के. टोन एमपीएक्स इनपुटलाच द्यायचा, डाव्या-उजव्या इनपुटला नाही, कारण तिथे प्री-एम्फसिस (वरच्या वारंवारता मुद्दाम चढवणारा टप्पा) मध्ये येतो. आणि डोंगल ट्रान्समीटरच्या आउटपुटला थेट जोडायचा नाही, क्षणात जळतो. वीतभर तारेचा तुकडा लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तरी भरपूर सिग्नल मिळतो.

प्री-एम्फसिसबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही महत्त्वाच्या. भारतात तो ५० मायक्रोसेकंदांचा. अमेरिकेतून आलेल्या यंत्रात ७५ लावलेला असू शकतो, तो बदला. दुसरं म्हणजे तो साखळीत एकदाच असावा: प्रोसेसरमध्ये लावला असेल तर एक्सायटरमध्ये बंद. ५० मायक्रोसेकंदांनी ५ किलोहर्ट्झ ५.४ डेसिबल चढतात, १० किलोहर्ट्झ १०.४ आणि १५ किलोहर्ट्झ १३.७. हे दोनदा झालं तर ताशा एकटाच सगळी मर्यादा खाऊन टाकतो, आणि तुम्ही बासला बोल लावत बसता.

आता जुळवणीचा क्रम. फायनल क्लिपरचा ड्राईव्ह (त्यात शिरणारी पातळी) नेहमीपेक्षा ३ डेसिबल खाली आणा. बास ईक्यू (बासची पातळी कमी-जास्त करणारा इक्वलायझर) सपाट करा. बास क्लिपरचा थ्रेशोल्ड पूर्ण वर न्या, म्हणजे तो जवळपास काहीच कापणार नाही. इनपुटला ३० हर्ट्झचा तीव्र उताराचा हाय-पास लावा; मंडपातल्या पावलांचे धक्के आणि माईकवरचा वारा जागा खातात, पण ऐकू कोणालाच येत नाहीत. फेज रोटेटर चालू ठेवा. माणसाचा आवाज मुळात असममित असतो, एका बाजूची शिखरं उंच; रोटेटर ती दोन्ही बाजूंना वाटून देतो आणि क्लिपरवरचा भार कमी होतो. ठोक्याची धार त्याने किंचित बोथट होते, हे मान्य करूनही बोलण्याचे कार्यक्रम करणाऱ्या स्टेशनने तो बंद करू नये.

एजीसीमध्ये (पातळी आपोआप सांभाळणाऱ्या टप्प्यात) बास पट्ट्याला मोकळं सोडू नका. सकाळच्या भजनात फक्त पेटी आणि टाळ चालू असताना मोकळा बास पट्टा गेन वाढवत जातो आणि विजेची ५० हर्ट्झची घरघर वर आणतो. पखवाज सुरू झाला की पहिली थाप तोफेसारखी येते. मुख्य पट्ट्याशी ७० ते ८० टक्के कपलिंग (एकत्र हलण्याचं प्रमाण) ठेवलं की हे थांबतं.

बास पट्ट्याच्या कॉम्प्रेसरचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ३० ते ५० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) २०० ते ३०० ठेवा. ८० हर्ट्झचं एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचं असतं. त्याहून वेगवान अटॅक-रिलीज दिला तर कॉम्प्रेसर प्रत्येक आवर्तनाच्या आतच गेन हलवतो आणि स्वतःच लहर विद्रूप करतो. मग ऐकू येणारी भरड क्लिपरची वाटते, पण क्लिपरचा तिच्याशी काही संबंध नसतो. जोरदार भागात मीटर ४ ते ६ डेसिबल कपात दाखवत असेल तर ठीक. ईक्यूमध्ये ८० हर्ट्झच्या आसपास, रुंद उतारासह, २ ते ३ डेसिबल. चारच्या वर जावंसं वाटलं तर थांबा. अडचण बहुतेक पुढे कुठेतरी आहे, त्याकडे येतोच.

मग ढोल आणि त्यावर निवेदन असं ध्वनिमुद्रण सतत वाजत ठेवा. बास क्लिपरचा थ्रेशोल्ड अर्ध्या अर्ध्या डेसिबलने खाली आणा. लक्ष ढोलाकडे नको, निवेदकाच्या लांब स्वरांकडे द्या: ‘आ’, ‘ओ’. एका ठिकाणी त्यातली खरखर अचानक गळून पडते. फायनल क्लिपरच्या तुलनेत हे बहुधा उणे ३.५ ते उणे ४.५ डेसिबलदरम्यान होतं. त्यानंतर अर्धा डेसिबल आणखी खाली आणून सोडा. उणे सहाच्या खाली गेल्यावरही घोगरेपणा जात नसेल तर क्लिपरशी झगडणं सोडून मिक्सरकडे परत जा.

क्लिपरचा आकार कार्यक्रमावर ठरवा. ढोलाला कडक क्लिपिंग चालतं, ठोका अधिक ठसठशीत होतो. डग्ग्याला चालत नाही. डग्ग्याची घुमारी तळहाताच्या दाबाने सरकते. कडक क्लिपर त्या सरकत्या सुरावर बदलत्या हार्मोनिकांची रांग चढवतो आणि घुमारी मोटारसारखी घरघरते. शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि भजनासाठी मऊ क्लिपर ठेवा आणि बास ईक्यू एक डेसिबलने कमी करा. तपासायला सगळ्यात चांगलं ध्वनिमुद्रण म्हणजे पखवाजावर धरलेला पेटीचा लांब स्वर. इंटरमॉड्युलेशन थोडं जरी असलं तरी स्वर प्रत्येक थापेला थरथरतो. तिथे पास झालेली जुळवणी बाकी सगळीकडे पास होते.

शेवटी फायनल क्लिपरचा ड्राईव्ह अर्ध्या अर्ध्या डेसिबलने वर न्या. काढलेल्या तीनपैकी दोन डेसिबल परत मिळाले तरी पुष्कळ. कंपोझिट क्लिपर (पूर्ण एमपीएक्स सिग्नल कापणारा) असेल तर त्याच्याकडून एका डेसिबलपेक्षा जास्त मागू नका, आणि १९ किलोहर्ट्झभोवती पायलटचं संरक्षण चालू आहे ना ते पाहा.

एवढं करून प्रोसेसरच्या हेडफोनमध्ये सगळं छान वाजतं आणि रेडिओवर मात्र डीव्हिएशन उड्या मारतं, असं झालं तर शोध प्रोसेसरच्या पुढे घ्यायचा. हा भाग लोक सगळ्यात जास्त दुर्लक्षतात, आणि बासचं खरं नुकसान इथेच होतं.

कापलेल्या बासचा माथा सपाट असतो. तो सपाट राहायचा तर पुढच्या प्रत्येक यंत्राने खूप खालच्या वारंवारता जशाच्या तशा पुढे न्यायला हव्यात. मध्ये कपलिंग कपॅसिटर (दोन टप्प्यांमध्ये डीसी अडवणारा) आला की सपाट माथा उतरता होतो, आणि सुरुवातीचं टोक मर्यादेच्या वर डोकावतं. यालाच टिल्ट म्हणतात. एखाद्या टप्प्याचा खालचा कटऑफ ५ हर्ट्झ असेल तर ५० हर्ट्झच्या चौकोनी लहरीचा माथा जवळपास ३१ टक्के उतरतो आणि शिखर १६ टक्के वर जातं, म्हणजे १.३ डेसिबल. डीव्हिएशन मर्यादेत ठेवायला तुम्ही सगळ्याच ऑडिओची पातळी तेवढी खाली घेता. प्रोसेसरमध्ये घाम गाळून मिळवलेला सव्वा डेसिबल एका कपॅसिटरने गिळला. टिल्ट एका टक्क्यावर आणायचा तर कटऑफ ०.१६ हर्ट्झ हवा.

कपॅसिटरचा हिशेब अवघड नाही. १० मायक्रोफॅरड आणि पुढे १० किलोओहमचा इनपुट असेल तर कटऑफ १.६ हर्ट्झ. तोच कपॅसिटर ६०० ओहमच्या लोडवर गेला तर २६.५ हर्ट्झ, म्हणजे बासचा सत्यानाश. १० किलोओहमवर ०.१६ हर्ट्झसाठी १०० मायक्रोफॅरड लागतो. त्यात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. नाशिकचा उन्हाळा आता चाळिशी गाठतो, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ट्रान्समीटर असेल तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं. पाच-सहा वर्षं झालेल्या यंत्रातले ऑडिओ मार्गावरचे इलेक्ट्रोलायटिक मीटरने मोजा. छापील किमतीच्या ८० टक्क्यांखाली गेले असतील तर १०५ अंशांचे नवे टाका. तपासणीही साधी आहे: प्रोसेसरमधून ५० हर्ट्झची चौकोनी लहर सोडा आणि प्रत्येक टप्प्यानंतर ऑसिलोस्कोप लावा, डीसी कपलिंगवर. एसी कपलिंगवर ठेवलात तर स्कोपचाच टिल्ट दिसेल.

दुसरा संशयित एक्सायटरचा पीएलएल. वाहक लहर जागेवर ठेवणारं त्याचं लूप फार चपळ असेल तर बासने केलेलं डीव्हिएशन त्याला चूक वाटतं आणि ते ती ‘दुरुस्त’ करायला धावतं. ठोका बसला की वाहक लहर सरकते, झोके घेते, मग सावरते. स्वस्त एक्सायटरमध्ये हे नेहमी दिसतं. एमपीएक्स इनपुटला सारख्याच पातळीचे १००० हर्ट्झ आणि ३० हर्ट्झ द्या. ३० वर डीव्हिएशन अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त घटलं किंवा वाढलं तर लूप फिल्टर मंद करावा लागेल. ते जमत नसेल तर इनपुटचा हाय-पास ४० वर न्या आणि तोटा स्वीकारा.

तिसरा, स्टुडिओ ते ट्रान्समीटर दुवा. प्रोसेसर स्टुडिओत आणि मध्ये कम्प्रेस केलेला कोडेक, ही रचना टाळाच. कोडेक कापलेली शिखरं जपत नाही, सगळी मेहनत वाया. प्रोसेसर ट्रान्समीटरशेजारी ठेवा. स्टिरिओ टूलसारखं सॉफ्टवेअर चालवत असाल तर थेट एमपीएक्स काढायला १९२ किलोहर्ट्झचं साउंड कार्ड लागतं, आणि त्याच्या आउटपुटचाही टिल्ट वरच्याच रीतीने मोजा; बऱ्याच कार्डांच्या आत कपॅसिटर असतातच.

ऐकण्याची चाचणी मोठ्या मॉनिटरवर सुरू करा, पण निर्णय तिथे घेऊ नका. इअरफोन लावलेला फोन, रिक्षातला डबा-स्पीकर, दरवाज्यात मोठे स्पीकर असलेली मोटार, आणि स्वयंपाकघरातला मोनो ट्रान्झिस्टर. मोटारीत बास बेताचा वाटला आणि ट्रान्झिस्टरवर निवेदकाचा प्रत्येक शब्द सुटा कळला, की जुळलं. नाशिकमधला श्रोता १०१.४ च्या आकाशवाणीवरून ९०.८ च्या रेडिओ विश्वासवर आणि तिथून तुमच्याकडे येतो, तेव्हा त्याचा हात व्हॉल्यूमकडे न जाता त्याचं लक्ष बोलण्याकडे जायला हवं. एका बैठकीत एकच गोष्ट बदला, आकडे वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐका. तासाभराने कान थकतात आणि सगळंच कमी बासचं वाटू लागतं.

विसर्जनाच्या दिवसासाठी वेगळा प्रीसेट आधीच करून ठेवा. नेहमीच्या प्रीसेटची नक्कल घ्या, बास क्लिपर एक डेसिबल खाली, बास ईक्यू दोन डेसिबल खाली, इनपुट हाय-पास ४० हर्ट्झ, फायनल ड्राईव्ह एक डेसिबल कमी. मिरवणुकीतला ढोल माईकवर इतका भरून येतो की बास वाढवायची गरज नसतेच. रामकुंडाकडून येणारं थेट निवेदन सुरू व्हायच्या आधी तो लावा, आणि रात्री मिरवणूक संपल्यावर आठवणीने परत नेहमीचा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळच्या भजनातला पखवाज बारीक वाजेल.